चौदा महिन्यांचा फरक

माझ्या सासूबाई जर्मन आहेत, हे आधीच सांगून टाकते. लग्न झाल्यावर त्या मला म्हणाल्या, मला नावानं हाक मार, इथे तसंच असतं. मी पुण्याची. सासूला एकेरी नावानं हाक मारायची? माझी जीभ वळेना. महिनाभर 'ऐका ना', 'बघा ना' करून वेळ मारून नेली आणि मग एक दिवस सरळ 'आई' म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्या काही वेळ बशीतला केक काट्यानं उकरत बसल्या आणि म्हणाल्या, "चालेल. निदान तुला तरी तो शब्द सोपा जातोय."

तेव्हा मला ते लागलं होतं. वाटलं, काय खडूस बाई आहे! त्या बोलण्याचा उगम कुठे होता ते पुष्कळ वर्षांनी कळलं, सासरे गेल्यावर. त्यांचं घर आवरायला आम्ही तळघरात उतरलो होतो. जुन्या सुटकेसमध्ये एक पुठ्ठ्याची फाइल निघाली आणि सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. फाइलमध्ये एकच कागद होता. उत्तरेकडच्या एका छोट्या गावच्या कचेरीचा. अमुक नावाची मुलगी, अमुक जन्मतारीख, आई पोलिश शेतमजूर, बाप अज्ञात, मुलगी सांभाळायला अमुक जोडप्याकडे दिली. मुलीचं नाव सासूबाईंचं होतं. जर्मन आणि पोलिश दोघांत चालणारं, संताचं नाव. आईच्या नावापुढे तिच्या पोलंडमधल्या गावाचं नाव होतं.

सासूबाईंना दुसऱ्यांनी वाढवलं होतं हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं. पण त्यांना ते कसं कळलं होतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पायरीवर बसून सांगितलं. चौदा वर्षांच्या असताना एकदा त्या उलट बोलल्या. तेव्हा सांभाळणारी आई ओरडली, "तुझ्या पोलिश आईनं तुला टाकलं आणि ती पळाली आपल्या देशात. आम्ही नसतो तर मेली असतीस." बस्स, एवढंच. पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही. पण ते 'टाकलं' आईंनी ऐंशी वर्षांच्या होईपर्यंत पोटात ठेवलं होतं.

"मला जास्त काही नको," त्या म्हणाल्या. "तिनं मला टाकलं, की दुसरंच काही झालं, एवढं कळू दे. आणि माझं रक्ताचं कुणी आहे का, ते. डॉक्टर माझ्या हृदयाबद्दल काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मला फार वाट बघता येणार नाही."

मी म्हटलं, मी शोधते. नुसतं म्हटलं नाही, मिरवलंच. कारण हे माझंच तर काम! वाल्डॉर्फच्या एका कंपनीत मी वीस वर्षं ग्राहकांच्या याद्या साफ करते. लाखो नोंदींमध्ये एकच माणूस दोनदा आलेला असतो. कुठे पत्ता वेगळा, कुठे तारीख वेगळी. त्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखायचं आणि त्यांची एक नोंद करायची. ऑफिसात माझी ख्याती आहे त्यात. नवरा म्हणाला, "आई, आता तुझी केस हिच्याकडे गेली, म्हणजे झालंच." आई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

मग माझा हिवाळा त्यात गेला. कुठल्या अर्काइव्हला कसं लिहायचं, कुठला फॉर्म, मुलीच्या सुनेला माहिती मिळते की नाही, वारस असल्याचा पुरावा कुठला. जुनं जर्मन हस्ताक्षर म्हणजे गांडुळं सोडल्यासारखं दिसतं. ते वाचायला मी शिकले. पोलंडमधल्या त्या गावच्या चर्चची पुस्तकं इंटरनेटवर चढवलेली आहेत, तीही चाळली. त्यात आईंच्या आईचा जन्म सापडला. सहा भावंडांतली चौथी. मी एका मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढला आणि आईंच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला. त्या रोज सकाळी चष्मा लावून ती नावं वाचायच्या, उच्चार चुकत चुकत.

मार्चमध्ये आईंच्या आईच्या मजुरीच्या कार्डाची प्रत आली. त्यावर फोटो होता. विशीतली मुलगी, केस मागे घट्ट बांधलेले, छातीवर कापडाचा तुकडा शिवलेला आणि त्यावर 'पी' हे अक्षर. दुसऱ्या महायुद्धात धरून आणलेले पोलिश मजूर लांबून ओळखू यावेत म्हणून ते सक्तीनं लावायला लागायचं. मी प्रिंट काढून नेली. आईंनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. मग आरशासमोर गेल्या, फोटो गालाशी धरला, आणि म्हणाल्या, "हनुवटी." एवढंच म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले, त्यात लाज कसली. फोटो फ्रेम करून त्यांनी पलंगाशेजारी ठेवला.

आता पुढचं सांगते.

त्या उत्तरेकडच्या गावच्या जन्मनोंदीचा उतारा मी मागवला होता. ऑक्टोबरात आला. आईचं नाव तेच, मुलीचं नाव तेच, बाप अज्ञात. फक्त जन्मतारीख वेगळी. तळघरातल्या कागदावरच्या तारखेच्या चौदा महिने आधीची.

दुसरं कुणी असतं तर थबकलं असतं. मी थबकले नाही. माझ्या आजोबांची जन्मतारीख एक जून, त्यांच्या भावाची एक जून, गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. कागदावरची तारीख म्हणजे कुणाच्या तरी सोयीची तारीख, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. मी नवऱ्याला म्हटलं, "सांभाळायला दिलं तेव्हा अंदाजानं घातली असणार."

तो म्हणाला, "इथली कचेरी जन्मतारीख अंदाजानं घालत नाही."

"वा! तुमची कचेरी युद्धात परक्या मजुरांची बाळं मारत होती आणि तारखा तेवढ्या बरोबर लिहीत होती का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "या," तो जर्मनमध्ये म्हणाला. "गेनाऊ." म्हणजे, हो, अगदी तसंच. मी त्याला उडवून लावलं. दोन नोंदी एक केल्या.

नोव्हेंबरात त्याच कचेरीनं मी न मागितलेला आणखी एक उतारा पाठवला. मृत्यूचा. जन्म ऑक्टोबरात मिळालेल्या तारखेचा, नाव तेच, आई तीच. वय पाच आठवडे. ठिकाण, 'परक्या मजुरांच्या मुलांचं घर'. हे घर म्हणजे काय ते मला तोवर वाचून माहीत झालं होतं. बाळंत झालेल्या मजूर बायकांना आठ-दहा दिवसांत परत शेतावर धाडायचे आणि बाळ त्या घरात ठेवायचे. तिथे पाणी घातलेलं दूध आणि ओली दुपटी. एका खोलीत वीस-वीस बाळं. मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं होतं, अशक्तपणा.

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. त्या बाईची मुलगी पाच आठवड्यांत गेली होती. मग माझ्या सासूबाई कोण?

आणि माझ्या डोक्यानं लगेच उत्तर तयार केलं. हुशार ना मी! त्या घरातल्या कुणीतरी मेलेल्या बाळाचे कागद दुसऱ्याच बाळाला लावून ते सांभाळायला दिलं असणार. नाव-गाव नसलेलं बाळ, आणि कागद मात्र हवेत. त्या काळात काहीही होत होतं. सगळं जुळत होतं. एकाच आईच्या दोन मुली असतील, दोघींचं नाव एकच असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येणार? आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला कुणी ठेवतं का? माझ्या आजोबांच्या आधीची तीन मुलं गेली, म्हणून आजोबांचं नाव दगडावरून ठेवलं होतं. चुलत आजोबांचं केरकचऱ्यावरून. मृत्यूनं वळूनसुद्धा बघू नये असं नाव. गेलेल्याचं नाव पुन्हा पाळण्यात घालायचं म्हणजे त्याला हात धरून बोलावून आणणं. मूल राहावं असं वाटणारी आई असं करेल, हे माझ्या कल्पनेच्या बाहेरचं होतं.

मी थांबले असते तर चाललं असतं. कुणाला विचारलं असतं, आठवडाभर दम धरला असता. पण मला खोटी आशा ठेवायची नव्हती. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मला माझं उत्तर आवडलं होतं. त्याच शनिवारी मी आईंकडे गेले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या. म्हणजे, बरं तर. मग म्हणाल्या, "ही माझी आई नव्हे?"

"नाही, आई. तिची मुलगी गेली होती."

"मग माझी कोण?"

"ते आता कळेल असं वाटत नाही. तुमचे म्हणून काही कागदच नाहीत."

त्यांनी मान हलवली. मी चहा केला, त्यांनी तो प्यायला नाही. निघताना त्या म्हणाल्या, "पण हनुवटी?" मी म्हटलं, "हनुवट्या सगळ्यांना असतात, आई." हे मी बोलले. माझ्याच तोंडून बाहेर पडलं ते.

पुढच्या वेळी गेले तेव्हा फोटो पालथा घातलेला होता आणि भिंतीवरचा वंशवृक्ष काढलेला होता. घडी करून त्यांनी मला परत दिला, कुणाचं तरी राहिलेलं सामान परत द्यावं तसा. त्या हिवाळ्यात त्या फार बोलल्याच नाहीत. जेवण सुटलं. नवरा म्हणायचा, वय झालंय. मला माहीत होतं ते वय नव्हतं. 'टाकलेली' होती तोवर निदान टाकणारी कुणीतरी होती. मी तीही काढून घेतली.

मार्चच्या सुरुवातीला त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर चोवीस तास माणूस हवं होतं. इथे अशा कामाला बहुतेक पोलंडच्या बायका येतात, तशी एक आली. पन्नाशीची, दणकट, माझ्यासारखंच मोडकं जर्मन बोलणारी. आम्हा दोघींचं लगेच जमलं. तिनं पहिल्याच आठवड्यात आईंना दोन घास जास्त खायला लावले.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती पलंगाशेजारी धूळ पुसत होती. पालथा फोटो उचलून तिनं पाहिला, तो 'पी' पाहिला, आणि मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, ही कोण? आई झोपल्या होत्या. मी तिला सगळी हकिगत सांगितली. नाव तेच होतं, पण ते मूल पाच आठवड्यांत गेलं, म्हणून ही त्यांची आई नव्हे.

"आणि दुसरी?" ती म्हणाली.

"दुसरी कोण?"

"नंतरची. चौदा महिन्यांनी झालेली." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एवढी शिकलेली बाई आणि मला हे कळू नये. "माझी आजी तिच्या घरातली तिसरी होती त्याच नावाची. आधीच्या दोघी गेल्या. नाव ठरलेलं होतं, संत ठरलेला होता. आणि आईला त्या नावानं पुन्हा घरात हाक मारायला नको का?"

चौदा महिने. दोन तारखा, दोन्ही बरोबर. नवरा म्हणाला होता, आणि मी त्याची खिल्ली उडवली होती. अगं बाई, मी काय करून बसले!

त्याच दुपारी त्या गावच्या कचेरीला लिहिलं. या वेळी नेमकी तळघरातल्या कागदावरची तारीख देऊन. दहा दिवसांत उतारा आला. होती नोंद. त्याच रजिस्टरमध्ये, काही पानं पुढे. मी कधी मागितलीच नव्हती, कारण माझ्या हिशेबी ती मुलगी आधीच सापडलेली होती आणि आधीच मेलेली होती.

ती पोलिश बाई म्हणाली, तू एवढे कागद मागवलेस, पण तिच्या गावी कुणाला फोन केलास का? नव्हता केला. पोलिश येत नाही म्हणून नव्हता केला, आणि नोंदी असताना फोन कशाला, असंही वाटलं होतं. तिनं तिथल्या चर्चला फोन लावला. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चर्चमधल्या माणसानं दिलेल्या नंबरवर आईंजवळ शेजारणीला बसवून आम्ही तिघं आमच्या घरी टेबलाभोवती बसून बोललो. मी, नवरा आणि ती. पलीकडे एक म्हातारी बाई होती. ती सांगत होती, आणि ही आम्हाला जर्मनमध्ये सांगत होती, मध्येच थांबून डोळे पुसत.

आईंच्या आईला युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत दुसरीकडच्या कारखान्यात हलवलं होतं. युद्ध संपल्यावर ती चालत, बाळ ठेवलेल्या त्या मुलांच्या घरापाशी परत आली. घराला कुलूप होतं. बाळ कुणी नेलं, कुणी सांगेना. ती तिथे आजारी पडली आणि तिला आजाऱ्यांच्या गाडीतून पोलंडला पाठवलं. तिथून तिनं पत्रं लिहायला सुरुवात केली. हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या एका कार्यालयाला. दोन वर्षांनी उत्तर आलं, सोबत मृत्यूच्या नोंदीची प्रत. त्या नावाची तुमची मुलगी पाच आठवड्यांची असताना मरण पावली आहे. तिनं परत लिहिलं, ही माझी पहिली, हिला मीच पुरलं आहे, मी दुसरीचं विचारते आहे. पुन्हा तीच प्रत आली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. ती म्हातारी होऊन गेली, पण पत्रांच्या नकला ठेवून गेली.

म्हणजे तिलाही कुणीतरी नोंदी एक करूनच उत्तर दिलं होतं. माझ्यासारखंच एक हुशार माणूस.

"आणि आपण कोण?" मी विचारायला लावलं.

ती आईंच्या भावाची बायको होती. युद्धानंतर आईंच्या आईनं लग्न केलं होतं, एक मुलगा झाला होता. त्यानं त्या नकला जपल्या होत्या. बहीण तिकडे जर्मनीत आहे असं तो सगळ्यांना सांगायचा. लोक हसायचे त्याला. त्याच्याशी बोलता येईल का, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं.

तो फेब्रुवारीत गेला होता. छातीच्या आजारानं, नऊ आठवड्यांपूर्वी.

पलीकडून ती बाई विचारत होती, तुम्ही आहात ना लाइनवर?

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "आईला पत्रांचं सांग. भावाचंही सांग. पण कधी गेला ते सांगू नकोस. 'मागेच गेला' म्हण." त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. माझ्यावर तो एका शब्दानंही रागावला नाही, आणि ते मला सहन होत नव्हतं. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. तीन-चार वर्षांपूर्वी गेला म्हटलं असतं तर कुणाचंच काही गेलं नसतं, आणि माझं तर सगळंच वाचलं असतं. पण एकदा मी त्यांना माझ्या मनचं सांगून त्यांची आई नेली होती. पुन्हा माझ्या मनचं सांगायचा धीर मला नव्हता.

संध्याकाळी आम्ही गेलो. आई खुर्चीत बसल्या होत्या, पायावर शाल. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि आधी माझी चूक सांगितली, एक जूनपासून दगडाच्या नावापर्यंत सगळी. त्यांनी ती ऐकली की नाही कुणास ठाऊक. मग पत्रांचं सांगितलं.

"तिनं लिहिलं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्यासाठी?"

"तीनदा लिहिलं, आई. त्यांनी पहिलीचा कागद पाठवला तर तिनं सांगितलं, ही नव्हे, दुसरी. तुम्ही."

त्या रडल्या नाहीत. दोन्ही हात शालीवर ठेवून बसल्या, आणि त्यांचा चेहरा सैल पडला. पंचवीस वर्षांत मी तो चेहरा तसा पाहिला नव्हता. "नाही टाकलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. ती पोलिश बाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून रडत होती.

मग मी भावाचं सांगितलं. तो होता, त्याला त्यांचं नाव माहीत होतं, तो वाट बघत होता.

"होता?"

"फेब्रुवारीत गेला."

"या फेब्रुवारीत?"

"हो, आई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या, हात उगारला असता, तरी मी तो गालावर घेतला असता. त्या फक्त मनाशी काहीतरी जुळवत होत्या, ओठ हलत होते.

"म्हणजे नोव्हेंबरात तो होता," त्या म्हणाल्या.

"होता," मी म्हटलं.